हृदयाचे निरोप आणि वाढते वय

हृदय या शब्दावर आपल्या भाषेने किती भार टाकला आहे! माया, धैर्य, करुणा, पश्चात्ताप, या साऱ्यांचे घर आपण तेथेच मानले. वैद्यकाने मात्र त्या भाबड्या कल्पना दूर सारून हृदय म्हणजे रक्त खेळविणारा एक स्नायुमय पंप होय, असे आपल्याला शिकविले. इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हापासून सुमारे साडेतीनशे वर्षे ही समजूत अबाधित राहिली. मुठीएवढा, अदमासे तीनशे ग्रॅम वजनाचा हा स्नायू दिवसाकाठी एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि जन्मभर विश्रांती घेत नाही. एवढे सांगितले म्हणजे त्याचे वर्णन पुरे झाले, असे वाटत असे.

परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे आढळून आले की, हा मुका मजूर मुका नाहीच. तो शरीरातील इतर इंद्रियांना निरोप धाडतो आणि त्यांच्याकडून आलेले निरोप ऐकतोही. बालपणी तो एका रीतीने बोलतो, तारुण्यात दुसऱ्या रीतीने आणि उतारवयात आणखी तिसऱ्या. ज्या घरात सत्तरी ओलांडलेले आजोबा किंवा आजी आहेत, त्या घराने ही गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण प्रयोगशाळेतून येणारा तपासणीचा कागद, रोज सकाळी घ्यावयाची गोळी आणि ‘आता वयच झाले’ हे पालुपद, या तिहींचा संबंध या निरोपांशी पोहोचतो.

प्रथम निरोप म्हणजे काय, ते पाहू. शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दूरच्या भागाला कामाला लावणाऱ्या द्रव्याला आपण संप्रेरक म्हणतो. इंग्रजीतील ‘हॉर्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली रूढ केला. आणि योगायोग असा की, हृदयाचा स्नायू जितका अधिक भरून ताणला जाईल तितक्या जोराने तो आकुंचन पावतो, हा हृदयाचा प्रसिद्ध नियमही त्याच्याच नावाने ओळखला जातो. संप्रेरके अनेक जातींची असतात. त्यांपैकी ज्यांचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे, ती पेप्टाइड जातीची होत. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांचेच मणी ओवून केलेल्या या लहानशा माळा. अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या माळेत अवघे ८ मणी असतात, तर मधुमेहामुळे सर्वांच्या परिचयाच्या झालेल्या इन्सुलिनमध्ये ५१.

पेप्टाइड संप्रेरकाचा एक धर्म ध्यानात ठेवावा. ते सहसा पेशीच्या आत शिरत नाही. टपालवाला जसा दारात पत्र देऊन पुढे जातो आणि पत्र वाचून काय करावयाचे ते घरची माणसे ठरवितात, तद्वत हे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरील ‘ग्राही’ नावाच्या रेणूला स्पर्श करते आणि पुढची सर्व हालचाल पेशीच्या अंतर्भागात घडते. म्हणूनच निरोप किती आले, एवढेच मोजून भागत नाही. दाराशी ते घेणारा कोणी आहे काय, आणि घरातल्यांना त्याप्रमाणे वागण्याची शक्ती उरली आहे काय, हेही पाहावे लागते. वयाबरोबर जे पालटते, ते पुष्कळ अंशी येथेच पालटते.

हृदय स्वतः संप्रेरक निर्माण करते, हा शोध कसा लागला, ती कथाही मनोरंजक आहे. १९५६ साली ब्रूनो किश यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, तपासली. तेथील स्नायुपेशींत त्यांना गर्द रंगाचे बारीक कण आढळले. असे कण ग्रंथींच्या पेशींत असावयाचे. स्नायूत त्यांचे काय काम? त्याच वर्षी गाऊअर आणि हेन्री यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात इवलासा फुगा फुगवून पाहिला, तेव्हा त्या प्राण्याच्या लघवीचे प्रमाण वाढले. हे दोन धागे एकत्र येण्यास पंचवीस वर्षे जावी लागली. अर्जेंटिनात जन्मलेले आणि कॅनडातील किंग्स्टन येथे काम करणारे अडॉल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांतच त्यांच्या लघवीतून जाणारे सोडियम तीसपटींहून अधिक वाढले आणि लघवी दहापट झाली. खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या, अर्काने मात्र असे काही घडले नाही. १९८१ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि पंप समजले जाणारे हृदय एक ग्रंथीही आहे, हे मान्य करणे भाग पडले.

त्या अर्कातील द्रव्य २८ मण्यांची एक पेप्टाइड माळ ठरली. तिला ए-एन-पी असे संक्षिप्त नाव मिळाले. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत तिचे भावंड सापडले, म्हणून त्याला मेंदूचे पेप्टाइड, बी-एन-पी, म्हणू लागले. पुढे कळले की मनुष्यात त्याचे मुख्य उगमस्थान मेंदू नसून हृदयाचे निलयच आहे. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. या दोन्ही भावंडांचा निरोप एकच असतो: ‘माझ्यावर भार फार होत आहे, मीठ आणि पाणी बाहेर टाका, रक्तवाहिन्या सैल सोडा.’ मूत्रपिंडे तो ऐकतात, रक्तवाहिन्या ऐकतात आणि खुद्द हृदयस्नायूही ऐकतो; त्याच्या पेशींची अवाजवी वाढ आणि तंतूंची दाटी यांना या निरोपाने आळा बसतो.

याच्या नेमका उलट निरोप अँजिओटेन्सिनचा. मूत्रपिंडांना रक्तपुरवठा कमी पडला की, त्यांतून रेनिन नावाचे द्रव्य सुटते आणि त्याच्या योगे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते. १९४० च्या सुमारास अर्जेंटिनात आणि अमेरिकेत दोन ठिकाणी ते स्वतंत्रपणे सापडले. दोन नावे पडली, आणि अखेरीस १९५८ साली दोन्ही नावांचे अर्धे अर्धे भाग जोडून आजचे नाव करण्यात आले. शास्त्रज्ञांतही असा समजूतदारपणा क्वचित पाहावयास मिळतो! अँजिओटेन्सिन सांगते, ‘मीठ राखून ठेवा, रक्तवाहिन्या आवळा, हृदयाचा स्नायू जाड करा.’ जखम होऊन रक्त गेले असता हा निरोप प्राण वाचवितो. मात्र तो वर्षानुवर्षे चालू राहिला, तर तोच प्राणावर बेततो.

आता वयाकडे वळू. गर्भातील बाळाच्या हृदयात निलयेसुद्धा ए-एन-पी तयार करीत असतात. जन्मानंतर ती शक्ती मावळते आणि हे काम बहुतेक अलिंदांकडे जाते. जन्मानंतर लवकरच दुसरीही एक शक्ती जवळजवळ लोपते, ती पेशीविभाजनाची. तेथून पुढे हृदय वाढते ते मुख्यतः पेशी मोठ्या होऊन. त्यांची संख्या वाढून नव्हे. १९५० ते १९६३ या काळातील अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सर्गी कार्बन माणसांच्या पेशींत शिरला होता. त्याचाच उपयोग करून स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली हृदयपेशींचे वय मोजले. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के, असा हिशेब निघाला. संहारासाठी केलेल्या स्फोटांचा एवढा तरी सदुपयोग झाला, हे समाधान म्हणावयाचे. अर्थ असा की, बाळपणी मिळालेल्या भांडवलापैकी बरेचसे आपण अखेरपर्यंत वापरीत असतो. ते उधळणे परवडणारे नाही.

वय वाढते तशा मोठ्या रोहिण्या ताठर होत जातात. ताठर नळीत रक्त ढकलावयाचे तर जोर अधिक लागतो. काही पेशी मरतात, उरलेल्या मोठ्या होतात, आणि मधल्या जागेत कोलॅजेनचे चिवट तंतू भरतात. आकुंचनाची शक्ती विश्रांतीच्या अवस्थेत बहुधा टिकून राहते. पण सैल पडून रक्ताने भरून घेण्याची क्रिया मंदावते. विशीच्या मानाने ऐंशीच्या वयात निलय पहिल्या झपाट्यात भरण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. अलिंदाला मग जास्त ताण देऊन ते काम पुरे करावे लागते. अशा भाराखाली एक विलक्षण गोष्ट घडते. बाळपणी मुके झालेले निलय पुन्हा ए-एन-पी आणि बी-एन-पी मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात. थकलेले हृदय जणू आपल्या गर्भावस्थेतील भाषा पुन्हा बोलू लागते.

बोलणे असे वाढते, ऐकण्याचे काय? ते काही बाबतींत मंदावते. ॲड्रेनलिन हे पेप्टाइड नव्हे, परंतु तुलनेसाठी त्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. भीती किंवा श्रम यांच्या वेळी ‘वेग वाढव’ असा त्याचा आदेश सुटतो. वृद्ध हृदयापर्यंत तो भरपूर पोहोचतो, पण हृदय त्याला पूर्वीइतकी दाद देत नाही. म्हणूनच श्रमाच्या शिखरावर विशीतील हृदयाचे ठोके मिनिटाला १९० च्या पुढे जातात, तर सत्तरीत ते सरासरीने १६० च्या आसपासच थांबतात. नातवाबरोबर धावताना आजोबांना धाप लागते, तिचे एक कारण हे.

अँजिओटेन्सिनच्या बाबतीत चित्र निराळे आहे. उतारवयात रक्तातील रेनिन कमी होते, तेव्हा त्याचा जोर ओसरला असेल, असे वाटावे. परंतु वृद्ध उंदरांवरील प्रयोगांत रोहिण्यांच्या भिंतींत अँजिओटेन्सिन वाढलेले आढळले आणि हृदयस्नायूत त्याच्या ग्राहींची निर्मितीही वाढलेली आढळली. बाहेरून येणारी पत्रे कमी झाली. पण घरातल्या घरातच कुजबुज वाढली, असे म्हणावे. इटलीतील संशोधकांनी २००९ साली जे प्रसिद्ध केले, ते याला पुष्टी देणारे आहे. ज्या उंदरांत अँजिओटेन्सिनचा एक प्रमुख ग्राही जन्मतःच नव्हता, ते इतरांहून सुमारे चतुर्थांशाने अधिक जगले आणि त्यांच्या हृदयाची हानीही कमी झाली. उंदरांवरून माणसांचा निवाडा करू नये, हे खरे. तथापि कोणता निरोप वार्धक्याला घाई करतो, याची दिशा त्यावरून समजते.

आणि हृदयाच्या स्वतःच्या निरोपाची गत काय होते? हृदय दुर्बल झाले म्हणजे रक्तात बी-एन-पी आणि त्याची जोडीदार माळ एन-टी-प्रो-बी-एन-पी यांचे प्रमाण अतिशय वाढते, पण त्यांना मिळणारा प्रतिसाद बोथट होत जातो. मूत्रपिंडे पूर्वीइतके मीठ टाकीत नाहीत. काही माळा तर अपक्व स्वरूपातच बाहेर पडतात आणि त्यांचे सामर्थ्य अल्प असते. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाका मारणाऱ्याचा आवाज जसा चढत जातो, तसे हे आहे. हाका वाढल्या याचा अर्थ काम झाले असा नव्हे. काम होत नाही म्हणूनच हाका वाढल्या आहेत.

येथेच तपासणीच्या कागदाचा प्रश्न येतो. दम लागणाऱ्या रुग्णाच्या रक्तात एन-टी-प्रो-बी-एन-पी मोजण्याची पद्धत आता बऱ्याच शहरांत आहे. एकाएकी दम लागलेल्या रुग्णात हा आकडा ३०० च्या खाली असेल, तर तो दम हृदयाच्या दुर्बलतेचा असण्याचा संभव फारच थोडा. परंतु रोग ठरविण्याची वरची मर्यादा मात्र सर्व वयांना एकच लावीत नाहीत: पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंत ९०० आणि त्यापुढे १८००. वयाबरोबर हा आकडा निरोगी माणसातही चढतो. स्त्रियांत तो पुरुषांहून काहीसा अधिक असतो, मूत्रपिंडे मंदावली की आणखी वाढतो, आणि स्थूल माणसात उलट कमी दिसतो. म्हणून शेजारच्या चाळीस वर्षांच्या गृहस्थाचा आकडा आणि आपल्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींचा आकडा शेजारी शेजारी ठेवून रडारड करू नये. आणि आकडा वयामुळे चढतो, असे ऐकून दम लागत असताना स्वस्थही बसू नये. पहिली चूक घबराटीची, दुसरी निष्काळजीपणाची. आणि दुसरी अधिक घातक.

‘वयच झाले, आता औषधाचा काय उपयोग?’ असे विचारणाऱ्यांसाठी दोन घटना सांगतो. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक विषारी साप आहे. त्याच्या विषातील पेप्टाइडांचा अभ्यास सर्जिओ फेरेरा यांनी १९६० नंतरच्या दशकात केला. त्या धाग्याने पुढे जाऊन अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणारे कॅप्टोप्रिल हे औषध घडविण्यात आले आणि १९८१ साली ते उपयोगात आले. योगायोगाने दे बोल्ड यांच्या शोधाचेही वर्ष तेच. १९८७ साली स्कँडिनेव्हियातील डॉक्टरांनी त्याच जातीचे एनालाप्रिल हे औषध अत्यंत दुर्बल हृदयाच्या २५३ रुग्णांत पारखून पाहिले. रुग्णांचे सरासरी वय सत्तरीच्या घरात होते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे सत्तरीचे हृदयही ऐकत होते. त्याच्याशी योग्य भाषेत बोलावयाचे तेवढे राहिले होते.

दुसरी घटना २०१४ सालची. शरीरात नेप्रिलायसिन नावाचे एक द्रव्य हृदयाच्या निरोपांचे तुकडे करून टाकते. त्याला अडविणारे सॅक्युबिट्रिल आणि अँजिओटेन्सिनचा ग्राही झाकणारे व्हॅल्सार्टन अशी जोडगोळी आठ हजारांहून अधिक रुग्णांत एनालाप्रिलशी तुलून पाहिली. हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि हृदयाच्या दुर्बलतेसाठी इस्पितळात दाखल होण्याचे प्रसंग मिळून आणखी २० टक्क्यांनी घटले. एका हाताने हितकर निरोप जपावयाचा आणि दुसऱ्या हाताने अहितकर निरोपाला दार लावावयाचे, असे हे साधे तत्त्व आहे. मात्र कोणते औषध कोणाला, किती आणि केव्हा, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे. शेजाऱ्याच्या गोळ्या मागून घेण्याचा हा विषय नव्हे.

घरच्यांनी काय करावे? वडील माणूस पूर्वी चढत असलेला जिना आता मध्येच थांबून चढते काय, रात्री उशीला उशी लावून झोपते काय, दम कोंडून मध्यरात्री उठून बसते काय, सायंकाळी पावलांवर बोटाने दाबले असता खळगा पडतो काय, याकडे लक्ष असावे. हृदयाचा विकार ठाऊक असलेल्या माणसाचे रोज सकाळी वजन करावे. दोनतीन दिवसांत ते दोन किलोने वाढले, तर ते अन्नाने वाढलेले नसते, पाण्याने वाढलेले असते. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड, खारे दाणे, सुकी मासळी, बेकरीचे पदार्थ यांतील मीठ त्यातच मोजावयाचे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठही विचारल्यावाचून आणू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि वर सांगितलेल्या औषधांबरोबर ते रक्तात साठून अपाय करू शकते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या शरीरात मीठपाणी साठवितात आणि हृदयाने मोठ्या कष्टाने दिलेला निरोप फुकट घालवितात. चालू औषध ‘बरे वाटते’ म्हणून बंद करणे हीही तशीच घोडचूक. मात्र जुलाब, उलट्या किंवा कडक उन्हाळ्याने शरीर सुकले असेल, तर याच गोळ्यांचे प्रमाण तात्पुरते बदलावे लागते. तेव्हा त्वरित सल्ला घ्यावा.

ज्यांना अजून वार्धक्य आले नाही, त्यांच्याही पदरी काही घालतो. अमेरिकेतील डॅलस येथे बैठे जीवन जगणाऱ्या, ४५ ते ६४ वर्षे वयाच्या निरोगी स्त्रीपुरुषांना दोन वर्षे नियमाने, आठवड्यातून चारपाच दिवस, टप्प्याटप्प्याने वाढणारा व्यायाम देण्यात आला. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्यांच्या हृदयाचा ताठरपणा कमी झाला आणि प्राणवायू वापरण्याची शक्ती १८ टक्क्यांनी वाढली. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात पासष्टीपुढे व्यायाम सुरू करणाऱ्यांची ताकद वाढली, पण ताठरपणा तितकासा गेला नाही. तात्पर्य, उशिरा केलेला व्यायामही व्यर्थ नाही. पण वेळेवर केलेल्याची सर त्याला नाही. मुलींच्या लग्नाची आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद ज्या वयात आपण करतो, त्याच वयात हृदयाचीही करून ठेवावी.

वाचकहो, वार्धक्य हा रोग नव्हे. पण वार्धक्याच्या पदराआड रोग पुष्कळदा लपतो. घरातील वृद्ध माणसे स्वभावतःच तक्रार कमी करतात. मुलांना त्रास नको, खर्च नको, असे म्हणून ती दम गिळून बसतात. त्यांचे हृदय मात्र गप्प बसत नाही. ते अलिंदांतून आणि निलयांतून एकसारखे निरोप पाठवीत असते, आणि वय झालेले शरीर ते अर्धवटच ऐकते. उरलेले अर्धे ऐकण्याचे काम घरातील तरुण माणसांचे आहे.